काचेच्या पोटातली फुले : फ्रान्सची जुनी पेपरवेट

शाळेच्या कार्यालयात, बँकेत, वकिलाच्या टेबलावर, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काचेचा गोळा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या पोटात कधी बुडबुडे असतात, कधी लाल-पिवळे फूल असते. आपण त्याला पेपरवेट म्हणतो आणि त्याच्याकडे पुन्हा पाहत नाही. आता तर कागदच कमी झाले, वातानुकूलित खोल्या वाढल्या, आणि हे गोळे टेबलावरून कपाटात आणि कपाटातून भंगारात जाऊ लागले आहेत.

विद्यार्थी मित्रहो, याच घराण्यातील काही गोळे असे आहेत की त्यांच्यासाठी जगभरचे संग्राहक आयुष्य खर्च करतात. ते फ्रान्समध्ये साधारण १८४५ ते १८६० या पंधरा वर्षांत तयार झाले. त्यांपैकी एक, फुलांची भरलेली परडी दाखवणारे क्लिशी येथील पेपरवेट, १९९० साली न्यूयॉर्कच्या लिलावात २,५८,५०० डॉलरना विकले गेले. एवढ्या किमतीचे कारण काय असावे? काच तर वाळूपासून होते. आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तर समजायला कतारगामच्या मुलांइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. ज्या गल्लीत खडा हातात घेऊन त्याला पैलू पाडणारी माणसे राहतात, तिथे 'किंमत वस्तूत किती आणि हातात किती' हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आधी थोडा इतिहास पाहू. १८४५ साली व्हिएन्ना येथे ऑस्ट्रियाच्या उद्योगांचे प्रदर्शन भरले. तिथे व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्या या कारागिराने रंगीत काचेच्या तुकड्यांनी भरलेले गोल पेपरवेट मांडले होते. फ्रान्समधून हे प्रदर्शन पाहण्यास यूजेन पेलिगो नावाचे प्राध्यापक गेले होते. त्यांनी परत येऊन आपल्या अहवालात या वस्तूंचा उल्लेख केला. त्या काळी फ्रान्समधील काचेच्या कारखान्यांचा धंदा मंदावला होता आणि त्यांना काही तरी नवे हवे होते. दुसरीकडे पत्रे लिहिण्याचा जमाना सुरू झाला होता. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र कुठेही जाऊ लागले. लिहिणाऱ्यांना दौत हवी, टाक हवा, कागद दाबायला वजन हवे. अशा वेळी सुंदर पण फार महाग नसलेले पेपरवेट स्टेशनरीच्या दुकानात ठेवले की खपणार, हे कारखानदारांनी ओळखले.

तीन कारखाने यात पुढे आले. लॉरेन प्रांतातील बाकारा हा १७६४ साली स्थापन झालेला. त्याच भागातील सें लुई त्याहून जुना. तिथे १५८६ पासून काचेचे काम होत होते आणि १७६७ मध्ये त्याला राजाच्या नावाचा मान मिळाला. तिसरा क्लिशी, पॅरिसला लागून, वयाने सर्वांत लहान, १८३७ चा. तिघेही एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, एकमेकांची नक्कलही करीत होते, आणि त्या ईर्षेतून पंधरा वर्षांत असे काम झाले की पुढे शंभर वर्षे कोणाला त्याची बरोबरी करता आली नाही.

आता फुले काचेत जातात कशी ते पाहू. याच्या दोन रीती आहेत.

पहिल्या रीतीला मिल्लेफिओरी म्हणतात. इटालियन भाषेत याचा अर्थ 'हजार फुले'. आपल्या घरी आई अळूवडी करते तेव्हा पानावर पीठ लावून, पान गुंडाळून लांब वळकटी करते. ती उकडून सुरीने कापली की प्रत्येक वडीत तीच चक्राकार नक्षी दिसते. मिल्लेफिओरीचे तत्त्व तेच. लोखंडी सळईच्या टोकावर तापलेली, मधासारखी दाट झालेली रंगीत काच घ्यायची. ती चांदणीच्या किंवा पाकळ्यांच्या आकाराच्या साच्यात दाबायची. बाहेर काढून त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर, पुन्हा दुसरा साचा. असे थर चढवून जो जाड लोळा तयार होतो त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक सळई चिकटवतात आणि दोन कारागीर ती धरून एकमेकांपासून दूर चालू लागतात. काच ताणली जाते, बारीक होते, पण आतली नक्षी मोडत नाही. ती फक्त लहान होत जाते. शेवटी कित्येक मीटर लांब आणि पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक कांडी उरते. ती थंड झाली की तिच्या चकत्या करायच्या. प्रत्येक चकतीत एकच फूल, अगदी तेच. अशा अनेक कांड्या एकत्र बांधून पुन्हा तापवून पुन्हा ताणल्या की फुलांच्या आत फुले येतात.

या चकत्या चिमट्याने एकेक करून धातूच्या तबकडीवर मांडतात. कधी वर्तुळात, कधी दाट गर्दीत, कधी जाळीदार पांढऱ्या काचेच्या गादीवर मोकळ्या. मांडणी हळूहळू तापवतात, मग सळईवरचा वितळलेल्या स्वच्छ काचेचा गोळा तिच्यावर टेकवून सगळी नक्षी उचलून घेतात. वरून पुन्हा स्वच्छ काच चढवतात आणि ओल्या लाकडी पळीच्या खोलगट भागात फिरवून घुमटाचा आकार देतात. यात एक तुकडा सरकला, एक बुडबुडा अडकला, की सगळी मेहनत वाया.

दुसरी रीत अधिक अवघड. तिच्यात कारागीर दिव्याच्या ज्योतीवर रंगीत काचेच्या काड्या मऊ करून एकेक पाकळी, एकेक पान, देठ वेगवेगळे घडवतो. मग ते जुळवून फूल करतो आणि ते स्वच्छ काचेत बंद करतो. पॅन्सी, प्रिमरोज, डेलिया, फ्युशिया, जंगली गुलाब अशी फुले या पद्धतीने झाली. क्लेमॅटिसही पुष्कळ दिसते. आपल्या सह्याद्रीतली पांढऱ्या फुलांची मोरवेल ती याच कुळातली. बाकाराची पॅन्सी सर्वांत जास्त आढळते. वरच्या दोन जांभळ्या पाकळ्या, खाली तीन पिवळसर, देठावर एक कळी. एकदा पाहिली की पुन्हा ओळखता येते. सें लुईने डेलिया आणि फ्युशिया फार नाजूक केली. क्लिशीची खूण म्हणजे एक छोटा गुलाब, कोबीच्या गड्ड्यासारखा पाकळीवर पाकळी गुंडाळलेला, बहुधा गुलाबी. तो मिल्लेफिओरीच्या चकतीतच असतो, आणि नक्षीत कुठे तरी तो सापडला की संग्राहक क्लिशीच्या बाजूने मत देतात. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. इतरांनीही तसले गुलाब केलेले आहेत.

या सगळ्यात विज्ञानाचा भाग मोठा आहे. फुलाची काच आणि बाहेरची काच उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावणारी नसेल तर थंड होताना आतून तडा जातो. म्हणून प्रत्येक रंगाची काच बाहेरच्या काचेशी जुळवून घ्यावी लागते. रंग येतात ते धातूंच्या क्षारांपासून : कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा. शिवाय गोळा तयार झाल्यावर तो एकदम बाहेर ठेवता येत नाही. खास भट्टीत त्याला अगदी सावकाश थंड करावे लागते, नाही तर बाहेरचा भाग आधी आकसतो, आत ताण राहतो आणि एखाद्या दिवशी काही कारण नसताना गोळा दुभंगतो. स्वयंपाकघरात गरम काचेच्या ग्लासात बर्फ टाकल्यावर काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल.

फुलाएवढीच एक गमतीची नक्षी बाकाराच्या पेपरवेटमध्ये असते : हत्ती, घोडा, हरीण, कोंबडा, माकड यांच्या छोट्या सावल्या. त्यांची गोष्ट मुलांना आवडेल. १८४६ च्या सुमारास कारखान्याचे व्यवस्थापक तूसँ यांनी आपला नऊ वर्षांचा भाचा एमिल ग्रिदेल कागदाचे प्राणी कापत बसलेला पाहिला. त्या कागदी आकारांवरून साचे केले गेले, आणि एका मुलाची कातरकामे काचेच्या चकत्यांत कायमची उतरली. आजही ते प्राणी 'ग्रिदेल' याच नावाने ओळखले जातात. आमच्या माहितीत शाळकरी मुलाच्या हस्तकलेला मिळालेला हा सर्वांत टिकाऊ शेरा असावा!

आता कतारगामचा भाग. पेपरवेटचा घुमट म्हणजे भिंगच असते. आतले फूल प्रत्यक्षात असते त्याहून मोठे दिसते, कारण वक्र पृष्ठभागातून बाहेर पडताना प्रकाश वाकतो. काही पेपरवेटच्या डोक्यावर आणि कडेला गोल सपाट किंवा किंचित खोलगट खिडक्या घासून काढलेल्या असतात. अशा एका खिडकीतून पाहिले तर एक फूल दिसते. गोळा थोडा कलता केला की कडेच्या प्रत्येक खिडकीत तेच फूल लहान होऊन पुन्हा दिसते. एका फुलाचा गुच्छ होतो. हे काम फिरत्या चाकावर होत असे. म्हणजे एक जण भट्टीवर फूल घडवणार आणि दुसरा चाकावर बसून त्याला प्रकाश देणार. आपल्याकडे घंटीवर बसून हिरा घासणारे रत्नकलाकार हेच करतात : दगडात नवे काही घालत नाहीत, आत शिरलेला प्रकाश कुठून बाहेर पडावा हे ठरवतात. फरक इतकाच की हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, तर शिसे घातलेल्या काचेचा साधारण १.५५. म्हणून हिऱ्यात प्रकाश आतल्या आत उसळत राहतो आणि हिरा चमकतो. काचेतून तो सरळ आरपार येतो आणि आतले फूल दाखवतो. चमकणे हे हिऱ्याचे काम, दाखवणे हे काचेचे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी प्रकाशाच्या धड्याला हे उदाहरण जोडून पाहावे.

फ्रान्स आणि सुरत हे नावही एकत्र काही पहिल्यांदा येत नाही. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानातली पहिली वखार सुरतेलाच १६६८ मध्ये उघडली. त्याच शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेच्या बंदरातून देशात येऊन हिरे घेऊन जात असे. तेव्हा इथून हिरे गेले ते राजांच्या मुकुटांसाठी. पेपरवेट मात्र सामान्य पत्रलेखकासाठी होते, हे आम्हाला जास्त भावते.

एवढी सुंदर कला पंधरा वर्षांतच का थांबली? तिच्यावर बंदी आली नाही, कारखाने जळाले नाहीत. फक्त आवड बदलली. १८६० च्या सुमारास लोकांना दुसऱ्या वस्तू हव्याशा वाटू लागल्या, मागणी घटली, कारखान्यांनी कारागिरांना दुसऱ्या कामाला लावले. क्लिशीचा कारखाना तर १८८५ मध्ये दुसऱ्यात विलीन झाला. तुरळक काम पुढे झाले. बाकारात द्यूपों नावाचा एक कारागीर पहिल्या महायुद्धानंतरही अशी पेपरवेट करीत असे. १९३४ च्या सुमारास तेही थांबले. आणि मग लक्षात आले की आता हे कोणालाच येत नाही. काच तीच, भट्टी तीच, पण किती तापवायचे, कोणत्या क्षणी गोळा टेकवायचा, हे कुणी लिहून ठेवले नव्हते. ते हातात होते आणि हात गेले होते.

सुरतेच्या वाचकांना यातले दुखणे सांगायला नको. २००८ च्या अखेरीस परदेशातली मागणी आटली तेव्हा आपल्या शहरातल्या हजारो रत्नकलाकारांच्या घंट्या बंद पडल्या, आणि २०२३ पासूनही या धंद्याने कठीण काळ पाहिला आहे. यात कारागिराचा हात काही कमी पडलेला नव्हता. दूर कुठल्या तरी शहरातल्या गिऱ्हाइकाचे मन बदलले की इथली चूल मंदावते, हे बाकाराच्या कामगारांनीही पाहिले होते.

पुढची गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. १८५३ साली बाकारा गावातील चर्चच्या कोनशिलेत मार्टिन कायझर या कारागिराने केलेले एक मिल्लेफिओरी पेपरवेट ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात ते चर्च बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाले, आणि युद्धानंतर ढिगाऱ्यातून ते पेपरवेट हाती आले. आपल्या पूर्वजांनी काय केले होते ते कारखान्याला पुन्हा दिसले. त्याच सुमारास पॉल जोकेलसन या संग्राहकाने बाकारा आणि सें लुई या दोन्ही कारखान्यांच्या मागे लागून त्यांना पुन्हा पेपरवेट करायला लावले. १९५३ मध्ये काचेत बसवलेली व्यक्तिचित्रे तयार झाली, आणि नंतर काही वर्षांत जुन्या नमुन्यांचा अभ्यास करून मिल्लेफिओरी आणि फुलेही. ते जुने नमुने मिळाले कुठे? संग्राहकांच्या कपाटात. कारखाना जे विसरला ते हौशी माणसांनी जपले होते. संग्रहाचा छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे समजणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, अशी आमची विनंती आहे.

या हौशी माणसांत सर्व थरांतले लोक होते. इजिप्तचा राजा फारूख याचा संग्रह मोठा होता. फ्रेंच लेखिका कोलेट हिचीही पेपरवेट प्रसिद्ध आहेत. अमेरिकेचा तरुण लेखक ट्रुमन कपोटी तिला भेटायला गेला तेव्हा तिने त्याला पांढरा गुलाब असलेले बाकाराचे पेपरवेट भेट दिले, आणि तोही या नादाला लागला. पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे काम इव्हँजेलिन बर्गस्ट्रॉम या अमेरिकन बाईंनी केले. लहानपणी आजीच्या घरी पाहिलेले पेपरवेट त्यांच्या मनात राहिले होते. मोठेपणी, १९३५ मध्ये, तसेच एक दिसले म्हणून त्यांनी घेतले. आणि मग त्या नुसत्या घेत सुटल्या नाहीत. कोणते कुठले, कोणत्या कारखान्याचे, कोणत्या खुणेवरून ओळखायचे, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४० साली जुन्या पेपरवेटवर पुस्तक लिहिले. त्यांचा सारा संग्रह पुढे विस्कॉन्सिन राज्यातील नीना या गावाला मिळाला आणि तिथे त्याचे संग्रहालय आहे.

आपल्याकडे अशा वृत्तीचा माणूस शोधायचा तर पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांकडे पाहावे. घरचा धंदा चष्म्यांचा, कविता 'अज्ञातवासी' या नावाने लिहायचे. १९२० च्या सुमारापासून त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, त्याही राजेरजवाड्यांच्या नव्हेत तर घरातल्या : अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे, भांडी, दारांच्या चौकटी. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी ते जमवले. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि हजारो वस्तूंचा तो ठेवा शेवटी सरकारला देऊन टाकला. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या पालकांनी मुलांना तो अवश्य दाखवावा. फ्रान्स, व्हेनिस, बोहेमिया येथील काचेच्या वस्तू एकत्र पाहायच्या असतील तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आहे. जवळचे म्हणाल तर आपल्या सुरतेचे सरदार संग्रहालय. १८९० साली विंचेस्टर म्युझियम या नावाने सुरू झालेली ही संस्था कतारगामच्या कित्येक घरांनी अजून पाहिलेली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

महाराष्ट्रातही काचेची एक मोठी कथा आहे, आणि ती शाळेच्या अंकात यायलाच हवी. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करून उद्योग उभारण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला, आणि तिथे काचकाम शिकून तयार झालेली माणसे देशभर पसरली. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील खेड्यापाड्यांत घरोघर गेला. त्या कंदिलाची काच पुसणे हे आपल्या आजी-आजोबांचे रोजचे संध्याकाळचे काम असे. वीज आली, कंदील गेले, पुढे तो कारखानाही बंद झाला. आज ओगलेवाडी हे गावाचे नाव राहिले आहे. कुणाच्या माळ्यावर 'प्रभाकर' अजून असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी एकदा विचार करावा.

आता खरे-खोटे कसे ओळखावे, याविषयी थोडे. हिऱ्याच्या धंद्यातल्या पालकांकडे दहापट मोठे दाखवणारे आयग्लास असतेच, तेच इथे उपयोगी पडते. प्रथम तळ पाहावा. दीडशे वर्षे टेबलावर सरकलेल्या पेपरवेटच्या तळाशी, जिथे तो टेकतो त्या कडेवर, बारीक ओरखडे वाटेल त्या दिशांनी गेलेले असतात. कुणी मुद्दाम कागदावर घासून जुने केले असेल तर ओरखडे एकाच दिशेचे दिसतात, आणि जिथे टेकत नाही तिथेही दिसतात. मग फूल पाहावे. प्रत्येक पाकळी वेगळी घडवलेली आहे, की रंगीत काचेत टोकदार सळई खुपसून एका झटक्यात पाकळ्या काढल्या आहेत? दुसऱ्या प्रकारात मध्यभागी बहुधा एक बुडबुडा अडकलेला असतो. आपल्या बाजारात मिळणारी बरीच पेपरवेट अशी असतात. फिरोजाबादसारख्या ठिकाणच्या कारागिरांचे ते काम आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याला फ्रेंच म्हणून विकू नये एवढेच. १९३० च्या दशकात चीनमध्येही फ्रेंच पेपरवेटच्या पुष्कळ नकला झाल्या होत्या.

तिसरी कसोटी वजनाची. फ्रेंच काचेत शिसे असल्याने ती हाताला जड लागते. साध्या काचेची घनता सुमारे २.५, शिशाच्या काचेची ३ किंवा त्याहून जास्त. हे घरी करून पाहता येते. गोळा आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून लोंबता तोलावा. हवेतल्या वजनाला दोन वजनांतील फरकाने भागले की घनता मिळते. आर्किमिडीजचे तत्त्व परीक्षेतल्या दोन गुणांपुरते नाही, हे मुलांना असे पटते.

तारीख असलेले पेपरवेट असते का? असते. सें लुईची १८४५ पासूनची आणि बाकाराची १८४६ पासूनची काही पेपरवेट अशी आहेत की त्यांच्या फुलांत एका चकतीवर वर्ष आणि एक-दोन अक्षरे असतात. बाकाराचे 'बी', सें लुईचे 'एस एल'. १८४७ आणि १८४८ ही बाकाराची वर्षे जास्त आढळतात. पण लक्षात घ्या, ही अक्षरे कारखान्याची आहेत. ज्याने ते फूल ज्योतीवर धरून घडवले त्याचे नाव त्यावर नसते. मार्टिन कायझरसारखे एखादेच नाव आपल्यापर्यंत आले. आपल्या गल्लीतून जगभर गेलेल्या हिऱ्यांवर तरी कुणाचे नाव असते? म्हणूनच आमची एक सूचना आहे. घरात हिऱ्याचे काम असेल तर मुलांनी वडिलांना, काकांना विचारून लिहून काढावे : पूर्वी खड्यावर शाईने रेघ मारून तो कसा कापायचा हे डोळ्याने कसे ठरवत, आता यंत्र कसे ठरवते, कोणते अवजार बाजूला पडले. एका वहीची चार पानेसुद्धा पुष्कळ झाली. बाकारात अशी चार पाने कोणी लिहून ठेवली असती तर पुढच्यांचे श्रम वाचले असते.

ज्यांना संग्रह करायची हौस आहे त्यांनी फ्रेंच पेपरवेटपासून सुरुवात करू नये, ते आपल्या खिशाचे काम नाही. देशी पेपरवेट, जुन्या दौती, सोडा वॉटरच्या गोटीच्या बाटल्या, कंदिलाच्या काचा यांपासून करावी. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार येथे अशा वस्तू मिळतात. पण त्याआधी आजोळचे माळे पाहावेत. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि वहीत लिहावे : कुठे मिळाली, कोणाकडून, कधी, काय दिले. नोंद नसलेला संग्रह म्हणजे नुसता पसारा. मोठ्यांसाठी एक सावधगिरी : १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांना अशी भेट पाठवू नये.

काचेला काही गोष्टी सोसत नाहीत. कोमट पाण्यात मऊ कापडाने धुवावी, गरम किंवा बर्फाचे पाणी कधीही नको. दोन गोळे एकमेकांना टेकून ठेवू नयेत. वाकडी फळी नको. ती वाचवते मात्र पुष्कळ. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा कित्येक घरांतली पुस्तके, दाखले, फोटो यांचा लगदा झाला. काचेचे सामान मात्र चिखल धुऊन पुन्हा फळीवर गेले.

आणि सर्वांत महत्त्वाचे : पेपरवेट खिडकीत उन्हात ठेवू नये. तो भिंग आहे हे वर सांगितलेच. सुरतेच्या मे महिन्यातल्या उन्हात त्याच्याखालचा कागद किंवा टेबलक्लॉथ पेट घेऊ शकतो. ज्याने कागद सांभाळायचे त्यानेच ते जाळावेत, असे व्हायला नको! ज्यांच्या घरी जुने पेपरवेट, दौत किंवा ओगलेवाडीचा कंदील असेल त्यांनी वस्तू शाळेत न आणता तिचे वर्णन एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. पुरेशा नोंदी जमल्या तर पुढच्या अंकात त्यांची यादी छापू.